देशाचा बॅकअप: एस्टोनियाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

तर झालं असं. गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये आमची डीआर ड्रिल होती. डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी. मुंबईचं डेटा सेंटर बंद पडलंय असं समजायचं आणि हैदराबादच्या कॉपीवरून सगळी सिस्टिम परत उभी करून दाखवायची. शनिवारी रात्री दोन वाजता, मॅगी खात. स्क्रिप्ट चालू असताना आपल्याला काही काम नसतं, फक्त लाल अक्षरं येत नाहीत ना एवढं बघायचं. म्हणून मी वाचत बसलो होतो, की बाकीचे लोक हे प्लॅन कसे करतात. बँका, एअरलाइन्स असं करत करत एस्टोनियावर आलो आणि तिथेच अडकलो. या देशाने आपल्या महत्त्वाच्या सरकारी नोंदींची एक कॉपी लक्झेंबर्गमध्ये ठेवली आहे. दुसऱ्या देशात! आम्ही गृहीत धरतो की एक शहर गेलं. यांनी गृहीत धरलंय की देश गेला.

असा विचार कोणाच्या डोक्यात येतो? ज्याचा देश आधी एकदा गेलाय, त्याच्या. एस्टोनियाबद्दल आपल्याकडे जे रील्स येतात ना, 'जगातला सगळ्यात डिजिटल देश' वगैरे, त्यात हा भाग कधीच नसतो. मला तोच भाग सांगायचाय.

आधी नकाशा उघडा. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर तीन छोटे देश एकावर एक ठेवल्यासारखे दिसतील. सगळ्यात वरचा एस्टोनिया. उत्तरेला समुद्राचा पट्टा, त्यापलीकडे फिनलंड. राजधानी ताल्लिनपासून हेलसिंकी साधारण ८० किलोमीटर, फेरीबोटीने दोनेक तास. दक्षिणेला लाटव्हिया. पूर्वेला पेइप्सी नावाचं प्रचंड सरोवर आणि नार्वा नदी, आणि पलीकडे थेट रशिया. नार्वा गावात नदीच्या या काठावर एक किल्ला आणि त्या काठावर रशियाचा किल्ला, समोरासमोर. क्षेत्रफळ साधारण ४५ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे सात सारखे तुकडे केले तर त्यातल्या एकापेक्षा थोडंसं जास्त. लोकसंख्या १३ लाख ७० हजारांच्या आसपास, म्हणजे गोव्याहूनही कमी.

निम्म्या जमिनीवर जंगल. भरपूर दलदल. दोन हजारांवर बेटं, त्यातली बहुतेक निर्मनुष्य. आणि सगळं सपाट. देशातलं सर्वांत उंच ठिकाण ३१८ मीटर, त्याचं नाव सुउर मुनामेगी, म्हणजे 'मोठी अंड्याची टेकडी'. पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे आमच्या सोसायटीचं पार्किंग त्यांच्या एव्हरेस्टच्या वर. हसू येतं, पण सपाट असण्याची किंमत मोठी असते. सैन्य अडवायला डोंगर नाही, आणि किनाऱ्यावर व्यापाराला सोयीची बंदरं. मग जो तो आला. १२१९ मध्ये डेन्मार्कचा राजा आला, मग जर्मन सरदार, मग स्वीडन, आणि १७१० मध्ये रशियाचा झार पहिला पीटर. गंमत म्हणजे वरचा राजा बदलला तरी जमिनीचा मालक बदलला नाही. जमीन शेकडो वर्षं जर्मन जमीनदारांची, आणि त्यांच्या शेतात राबणारा एस्टोनियन माणूस वेठबिगार. ती वेठ १८१६ आणि १८१९ च्या कायद्यांनी संपली. भाषा मात्र घरात टिकली. १८६९ मध्ये तार्तू शहरात त्यांनी पहिला गायन महोत्सव भरवला. हे गाणं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

२४ फेब्रुवारी १९१८ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. मग लढाई झाली आणि २ फेब्रुवारी १९२० च्या तार्तू तहात सोव्हिएत रशियाने त्यांना मान्यता दिली. जमीनदारांच्या जमिनी काढून शेतकऱ्यांना वाटल्या. अनेक सामान्य एस्टोनियन माणसांचं नाव जमिनीच्या दप्तरात मालक म्हणून लागलं. ज्यांच्या घरी सातबाऱ्यावरून भांडणं झालीत त्यांना हे काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. आमच्याकडे आजोबा गेल्यावर वारस नोंद व्हायला सहा वर्षं लागली. चूक आमचीच होती, अर्जच कोणी केला नव्हता. पण ती सहा वर्षं बाबा शेताला 'आपलं' म्हणताना जरा थांबायचे.

एस्टोनियाला मिळाली जेमतेम बावीस वर्षं. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात गुप्त करार झाला, त्यात एस्टोनिया स्टालिनच्या वाट्याला गेला. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्य आत आलं. १९४१ ला जर्मन आले, तेव्हा देशात मागे राहिलेले साधारण हजार ज्यू होते, त्यांच्यातलं जवळजवळ कोणी वाचलं नाही. १९४४ मध्ये सोव्हिएत परत आले.

आता बघा, याद्या दोन्ही बाजूंनी कापतात. जून १९४१ मध्ये याद्या करून साधारण दहा हजार लोकांना गाड्यांत भरून रशियात पाठवलं. मार्च १९४९ मध्ये पुन्हा, या वेळी काही दिवसांत वीस हजारांहून जास्त, त्यातले बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ज्या दप्तरात शेताचा मालक म्हणून नाव असल्याचा अभिमान होता, तेच नाव आता 'श्रीमंत शेतकरी' या यादीत गेलं. पुढे २०२१ मध्ये पंतप्रधान झालेल्या काया कल्लास यांची आई १९४९ मध्ये सहा महिन्यांची होती. तीही त्या गुरांच्या डब्यात होती. म्हणजे ही आपल्या आजी-आजोबांच्या वयाच्या लोकांची गोष्ट आहे, फार जुनी नाही.

मग देश संपला का? कागदावर नाही, आणि इथून मला ही गोष्ट खरी इंटरेस्टिंग वाटायला लागली. अमेरिकेसह बऱ्याच पाश्चात्त्य देशांनी सोव्हिएत कब्जा कायदेशीर मानलाच नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये एस्टोनियाचं वाणिज्य दूतावासाचं ऑफिस चालूच राहिलं. एर्न्स्ट याक्सन नावाचे अधिकारी तिथे अनेक दशकं बसून होते. ज्या देशाचं सरकार जमिनीवर अस्तित्वात नाही, त्याचे पासपोर्ट ते देत होते! आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी सर्व्हर पन्नास वर्षं डाऊन, आणि न्यूयॉर्कमधली एक छोटी रीड-ओन्ली कॉपी चालू.

इकडे देशात काय चाललं होतं? कारखाने आणि खाणींसाठी सोव्हिएत संघातून लाखो कामगार आणले गेले. १९३४ च्या जनगणनेत ८८ टक्के लोक एस्टोनियन होते, १९८९ मध्ये ६१.५ टक्के. लोकांना आपण आपल्याच देशात अल्पसंख्य होणार अशी भीती वाटायला लागली, आणि ती भीती खोटी नव्हती.

गोर्बाचेव्हच्या काळात जरा मोकळीक मिळाली, तसे लोक गायला लागले. खरंच. सप्टेंबर १९८८ मध्ये ताल्लिनच्या गायन महोत्सवाच्या मैदानावर लाखोंची गर्दी जमली. २३ ऑगस्ट १९८९ ला, त्या गुप्त कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ताल्लिनपासून रीगामार्गे विल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरवर तिन्ही देशांतल्या सुमारे वीस लाख लोकांनी हातात हात धरून साखळी केली. याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. 'गाण्यांची क्रांती' म्हणतात ती हीच.

पण त्याच वर्षी शांतपणे एक काम चालू होतं ज्याचे फोटो फारसे फिरत नाहीत. २४ फेब्रुवारी १९८९ पासून 'नागरिक समित्या' तयार झाल्या. यांचं म्हणणं साधं होतं. आपल्याला नवीन देश नको, कारण जुना मेलेलाच नाही, फक्त त्यावर कब्जा आहे. मग जुन्या देशाचे नागरिक कोण? १९४० मध्ये जे नागरिक होते ते आणि त्यांची मुलं-नातवंडं. तर चला, त्यांची नोंदणी करू. सोव्हिएत राज्य चालू असताना, केजीबी जागी असताना, स्वयंसेवकांनी नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. लोक १९४० च्या आधीचे कागद शोधून दाखवायला लागले. नाव लिहिणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातली माणसं यादीमुळे सायबेरियात गेली त्यांना नीट माहीत होतं. तरी लिहिलं. फेब्रुवारी १९९० पर्यंत ही संख्या ७ लाख ९० हजारांपर्यंत गेली, आणि त्या नोंदणीवर त्यांनी स्वतःची निवडणूकही घेतली.

मला विचाराल तर साखळीपेक्षा मला ही वही जास्त भारी वाटते. साखळी एका दिवसाची होती, वही वर्षभर भरत होती. आणि मी डेटाबेसचं काम करतो, तेव्हा मी पक्षपाती आहे हे मान्य.

ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत लष्करी बंडाचा प्रयत्न झाला. रणगाडे ताल्लिनकडे निघाले. टीव्ही टॉवर हातचा जाऊ नये म्हणून वर थांबलेल्या माणसांनी लिफ्टच्या दारात काड्यापेटी अडकवून लिफ्ट बंद पाडली, असं सांगतात. २० ऑगस्टच्या रात्री संसदेने स्वातंत्र्य जाहीर केलं. शब्द नीट बघा: स्वातंत्र्य 'पुनर्स्थापित' केलं. ६ सप्टेंबरला सोव्हिएत संघानेही मान्य केलं.

आणि मग जुने कागद एकेक करून कामाला यायला लागले. युद्धाआधी परदेशी बँकांत ठेवलेलं सोनं परत मिळालं. त्याच्या जोरावर २० जून १९९२ ला त्यांनी स्वतःचं चलन आणलं, क्रून. दर माणशी १५०० रुबलपर्यंतच बदलून मिळणार, दहा रुबलला एक क्रून. आठ क्रून म्हणजे एक जर्मन मार्क, आणि तिजोरीत मार्क किंवा सोनं असल्याशिवाय नोट छापायची नाही. हिशोब करा: प्रत्येकाच्या हातात १५० क्रून, म्हणजे १९ मार्कसुद्धा नाहीत. एवढ्यावर देश सुरू झाला. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे प्रमुख होते सीम कल्लास, काया कल्लास यांचे वडील. ऑक्टोबर १९९२ मध्ये परागंदा सरकारने आपला कारभार नवे राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांच्याकडे रीतसर सोपवला. जप्त झालेली घरं आणि शेतं परत मिळावीत म्हणून दोन लाखांहून जास्त अर्ज आले, आणि जुनी दप्तरं उघडली गेली.

इथे मला जरा थांबायचंय. कारण वहीत ज्यांचं नाव नव्हतं त्यांचं काय झालं? सोव्हिएत काळात आलेले कामगार आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं, असे १९९२ मध्ये देशातले जवळपास एक तृतीयांश लोक एका दिवसात कुठल्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. नागरिकत्व हवं तर एस्टोनियन भाषेची परीक्षा द्या, नाहीतर राखाडी पासपोर्ट घ्या. आणि ही भाषा सोपी नाही, नामाच्या चौदा विभक्ती! १९९३ मध्ये नार्वा शहराने स्वायत्ततेसाठी सार्वमत घेऊन पाहिलं, ते घटनाबाह्य ठरलं. आता राखाडी पासपोर्टवाले खूप कमी उरलेत, आणि २०१६ पासून अशा आईबापांच्या मुलांना जन्मतःच नागरिकत्व मिळतं. एस्टोनियन लोकांची भीती मला समजते. पण आईबाप कुठून आले यावरून जन्मगावातच परकं ठरवणं मला पटत नाही. पंचवीस वर्षं लागली त्यांना त्या मुलांचा हा बग फिक्स करायला.

राज्यकारभार पटकन सांगतो. संसद एकच, नाव रीगीकोगू, १०१ खासदार, चार वर्षांसाठी. खरी सत्ता पंतप्रधानांकडे, राष्ट्राध्यक्ष आपल्यासारखेच लोकांनी थेट निवडलेले नसतात. स्थानिक पातळीवर २०१७ मध्ये २१३ पालिकांच्या ७९ केल्या, कारण काही गावांत लोकांपेक्षा खुर्च्या जास्त अशी अवस्था होती.

१९९२ मध्ये पंतप्रधान झाले मार्ट लार, वय ३२, शिक्षणाने इतिहासकार. म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, आणि मी अजून टीम लीड नाही. महागाई हजार टक्क्यांवर, पैसा नाही, माणसं कमी. १९९४ मध्ये सगळ्यांना एकच २६ टक्के आयकर लावला, म्हणजे कायदा सोपा आणि तपासायला कारकून कमी. डिजिटलचंही तसंच. जंगलात विखुरलेली गावं, तिथे प्रत्येक ठिकाणी सरकारी ऑफिस परवडणारं नव्हतं. १९९६ मध्ये 'वाघाची झेप' योजना आली, शाळाशाळांत कॉम्प्युटर आणि इंटरनेट. २००१ मध्ये एक्स-रोड आलं. याचं डिझाइन मला फार आवडतं. एक मोठा केंद्रीय डेटाबेस नाहीच. प्रत्येक खात्याचा डेटा त्याच्याकडे, आणि एकमेकांना विचारायला एक सुरक्षित रस्ता. तीच माहिती दुसऱ्यांदा गोळा करायला कायद्यानेच मनाई. म्हणजे जन्मतारखेचा पुरावा दर खिडकीवर झेरॉक्स करून द्यायचा नाही! आणि तुमची माहिती कोणी पाहिली याची नोंद तुम्हाला स्वतःला बघता येते. १९४९ च्या यादीनंतर ही सोय का लागली असेल, विचार करा.

२००२ पासून चिपचं ओळखपत्र आलं. आपल्या आधारशी तुलना लगेच होते, पण फरक आहे. पहिलं आधार २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं, ते मुळात बोटांच्या ठशांवर आणि नंबरवर उभं आहे. एस्टोनियाच्या कार्डात दोन पिन असतात, एक ओळख पटवायला आणि एक सही करायला. ती सही कायद्याने हातच्या सहीइतकीच. २००५ मध्ये पालिका निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान सुरू झालं तेव्हा ९,३१७ मतं आली होती. २०२३ च्या संसद निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन.

मग हे सगळं पाडता येतं का? एप्रिल २००७ मध्ये ताल्लिनमधला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा मध्यवस्तीतून हलवून लष्करी स्मशानात नेला. दंगल झाली, आणि पाठोपाठ बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्स यांच्यावर काही आठवडे सायबर हल्ले. परदेशातून येणारं ट्रॅफिक तोडावं लागलं.

त्याहून भयानक प्रसंग मात्र २०१७ चा. ऑगस्टअखेर चेक संशोधकांनी कळवलं की ओळखपत्राच्या चिपमध्ये खोट आहे, गुप्त किल्ली गणिताने काढता येऊ शकते. कार्डं किती? साडेसात लाखांच्या वर. निवडणूक ऑक्टोबरला आणि दीड महिना हातात. प्रॉडक्शनमध्ये असा इश्यू आला की आपल्याकडे पहिली सूचना काय येते? 'बाहेर बोलू नका.' यांच्या पंतप्रधानांनी ५ सप्टेंबरला पत्रकार परिषद घेऊन सगळं सांगितलं. निवडणूक ऑनलाइनसकट पार पडली. ३ नोव्हेंबरच्या रात्री धोक्यातल्या कार्डांची सर्टिफिकेटं बंद केली, आणि लोकांनी घरून कॉम्प्युटरवर किंवा पोलिसांच्या सेवा केंद्रात रांग लावून कार्डं अपडेट केली. त्या रांगांत लोक चिडले असणारच. पण सिस्टिम उभी राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये लक्झेंबर्गशी करार झाला. तिथल्या सर्व्हर रूमला दूतावासासारखं संरक्षण, म्हणजे लक्झेंबर्गचे पोलीसही परवानगीशिवाय आत जाऊ शकत नाहीत. लोकसंख्येच्या, जमिनीच्या नोंदी अशा ज्यांच्याशिवाय देश परत सुरू करता येणार नाही, त्या तिथे. याक्सन यांच्याकडे पासपोर्ट आणि शिक्का होता, आता रॅक आहेत.

अर्थात सगळ्याची कॉपी होत नाही. विजेचीच गोष्ट घ्या. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांवर लोटली, देश युरोपीय संघात आणि नाटोत २००४ पासून, युरो २०११ पासून, तरी वीज ग्रिड मात्र रशियाच्या ग्रिडशी बांधलेलं होतं आणि त्याची फ्रिक्वेन्सी मॉस्कोतून सांभाळली जायची. स्वतःची वीज बरीचशी ईशान्येकडच्या खाणीतल्या तेलयुक्त खडकापासून, धूर भरपूर, आणि कामगार बहुतेक रशियन बोलणारे. २५ डिसेंबर २०२४ ला फिनलंडकडून समुद्राखालून येणारी एक वीजवाहिनी तुटली. तरी ठरलेली तारीख पुढे ढकलली नाही. ८ फेब्रुवारी २०२५ ला तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाचं ग्रिड तोडलं, एक दिवस स्वतःच्या बळावर काढला, आणि ९ तारखेला युरोपच्या ग्रिडला जोडले गेले. दिवे गेले नाहीत.

आमची ड्रिल पहाटे सव्वापाचला संपली. एक सर्व्हिस उठली नाही, तिचं तिकीट माझ्याच नावावर आहे. पुढच्या एपिसोडमध्ये दक्षिणेला उतरून लाटव्हियाला जाऊ. भेटू!